बेनिनचे टाक: परत द्यायचे, पण कुणाच्या देव्हाऱ्यात?

रानवाट
नमस्कार मंडळी. मागच्या आठवड्यात बाबांना ब्रिटिश म्युझियम दाखवायला नेलं होतं. बाबा निवृत्त शिक्षक, वय ७८, दीड महिन्यासाठी आमच्याकडे आलेत. ममी बघून झाल्या, रोझेटा शिळा झाली, आता दमले असतील म्हणून मी निघायची घाई करत होते. तर हे आपणहून जिना उतरून खालच्या आफ्रिकेच्या दालनात गेले.

तिथे बेनिनचे पितळी फलक उभ्या दांड्यांवर ओळीने लावलेत. मध्ये राजा, दोन्ही बाजूंना ढालकरी, गळ्यात पार हनुवटीपर्यंत पोवळ्यांच्या माळा, आणि मागच्या मोकळ्या जागेत चार-चार पाकळ्यांची बारीक नक्षी. बाबा एका फलकापाशी बराच वेळ उभे होते. मग मला जवळ बोलावून म्हणाले, "कडेची भोकं बघ. खिळ्यांची आहेत ती. हा कुठेतरी ठोकलेला होता, तिथून उपटलाय."

खरंच होतं ते. हे फलक ओबाच्या, म्हणजे बेनिनच्या राजाच्या, वाड्यातल्या खांबांवर होते. फेब्रुवारी १८९७ मध्ये ब्रिटिश फौजेने शहर घेतलं, वाडा लुटला, शहर जळालं. पितळी मस्तकं तर वाड्यात पूर्वजांच्या वेदीवर असायची. टाळूला गोल भोक ठेवलेलं, त्यात कोरीव हस्तिदंत उभा करायचे. नवा ओबा गादीवर आला की आधीच्या ओबाची वेदी मांडायची ही रीत. हे मी सांगितल्यावर बाबा म्हणाले, "म्हणजे हे टाकच की गं." आमच्या देव्हाऱ्यात खापरपणजोबांचा टाक आहे, दसऱ्याला तो उजळतात. दुसऱ्याच्या देव्हाऱ्यातले टाक काचेत बघताना त्यांना कसंसंच झालं. येताना गाडीत गप्प होते.

तेव्हापासून वाचतेय. परत द्यायला हवं याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण द्यायचं कुणाला? नायजेरियाच्या सरकारला? आजच्या ओबाला? नव्या संग्रहालयाला? तुमची मतं हवीत.

काळा_मसाला
बेनिन हा वेगळा देश आहे ना? मग नायजेरिया मध्ये कुठून आला?

रानवाट
@काळा_मसाला, माझाही आधी हाच घोळ झाला होता. बेनिनचं जुनं राज्य एडो लोकांचं, ते आजच्या नायजेरियात, बेनिन सिटी हीच त्याची राजधानी. बेनिन नावाचा देश म्हणजे पूर्वीचा दाहोमे. त्याने १९७५ मध्ये नाव बदललं. त्यांचीही लूट झालीच होती. फ्रान्सने २०२१ मध्ये आबोमेच्या, म्हणजे दाहोमेच्या जुन्या राजधानीतल्या, वाड्यातल्या २६ वस्तू त्यांना परत केल्या.

उलटतपासणी
सगळे एका सुरात बोलायच्या आत दुसरी बाजू मांडतो. १८९७ च्या जानेवारीत फिलिप्स हा ब्रिटिश अधिकारी माणसं घेऊन बेनिनला निघाला होता. वाटेत त्यांची कत्तल झाली, दोनच गोरे वाचले. फौज त्यानंतर गेली. बेनिनमध्ये नरबळी होत होते. गुलामांचा व्यापारही राज्याने केला होता. आणि त्या काळात जिंकलेल्याची लूट सगळेच करत. आपल्याकडच्या लढायांची वर्णनं काढून वाचा. त्या वस्तू लंडन-बर्लिनला गेल्या म्हणून आज शाबूत आहेत. मला ब्रिटिशांचं प्रेम नाही, पण सव्वाशे वर्षांपूर्वीच्या गोष्टींना आजचा न्याय लावत बसलो तर कुठवर जायचं?

सांजवेळ
उलटतपासणी, तुमचा घटनाक्रम एक पान उशिरा सुरू होतो. त्याच फिलिप्सने नोव्हेंबर १८९६ मध्ये लंडनला पत्र लिहून ओबाला पदच्युत करायची परवानगी मागितली होती. त्यात त्याने हेही लिहिलं की राजाच्या वाड्यात मोहिमेचा खर्च भागेल एवढा हस्तिदंत मिळेल. म्हणजे माणसं मारली जायच्या आधीच वाड्यातल्या मालाचा हिशोब झाला होता. खरं भांडण पामतेल आणि रबराच्या व्यापाराचं. ओबा आपल्या अटींवर व्यापार करू देत होता, ते यांना नको होतं. शिवाय फिलिप्स निघाला तेव्हा राज्यात इगुएचा सण चालू होता. त्या दिवसांत ओबा परक्यांना भेटत नाही, आत्ता येऊ नका, असे निरोप त्याला गेले होते. कत्तल समर्थनीय होती असं मी म्हणत नाही. त्यात सामान वाहणारी कितीतरी आफ्रिकन माणसंही गेली, त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

मग अॅडमिरल रॉसन १२०० जणांची फौज घेऊन आला. ओबा ओव्होनरामवेनला कलाबारला हद्दपार केलं, १९१४ मध्ये तो तिथेच वारला. लूट विकून मोहिमेचा खर्च काढला, अधिकाऱ्यांनीही आपापला वाटा घरी नेला.

ओतारी_घरचा
आमच्या घरात तीन पिढ्या ओतकाम झालं, म्हणून त्या बाजूने लिहितो. यांना 'बेनिन ब्राँझ' म्हणतात, पण बहुतेक वस्तू पितळेच्या आहेत. कांशात तांब्याबरोबर कथील, पितळेत जस्त. कारागिराला हा फरक लगेच कळतो, कारण धातू वाहतो वेगळा.

पद्धत मात्र आपलीच वाटावी अशी. मस्तक करायचं तर आधी मातीचा गाभा, त्यावर मेणाचा थर, आणि सगळी कलाकुसर त्या मेणावर. माळेचा मणी न् मणी मेणाचा. त्यावर गाळलेल्या बारीक मातीचे हात, मग जाड मातीचे. वाट ठेवून भाजायचं, मेण वितळून निघून जातं, त्या पोकळीत धातू ओतायचा. थंड झालं की साचा फोडायचा. एका साच्यातून एकच वस्तू, दुसरी हवी तर परत मेणापासून सुरुवात. आजोबा सांगायचे, मेणाचा थर पातळ असला आणि ओतताना हात जरा रेंगाळला तर धातू मध्येच गोठतो, मूर्तीच्या पायाची बोटं येतच नाहीत. बेनिनची जुनी मस्तकं इतकी पातळ ओतलेली आहेत की फोटो बघूनच मी गार पडलो. सोळाव्या शतकात हे काम करणारी माणसं काय तयारीची असतील!

अठराशे सत्त्याण्णवमध्ये वस्तूंबरोबर कारागिरांचे नमुनेही गेले. समोर जुनं काम नसेल तर पोरगं शिकणार कशावरून? उलटतपासणी साहेब, 'शाबूत राहिल्या' म्हणताना हे नुकसानही धरा.

काळा_मसाला
ओतारीभाऊ, तुमच्या या प्रतिसादाचा वेगळा धागा काढा. +१००

लागोसकर
नोकरीनिमित्त अकरा वर्षं नायजेरियात काढली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. बेनिन सिटीला चार वेळा गेलोय. माती लालभडक, आपल्या कोकणासारखी. पावसात चप्पल घालून गेलात तर पोटऱ्यांपर्यंत रंगता. इगुन स्ट्रीट नावाची गल्ली आहे, तिथे ओतकाऱ्यांची घरं. पुढच्या खोलीत दुकान, मागे अंगणात भट्टी. हे काम वारशाने चालतं, पूर्वी ते फक्त ओबासाठी करत. ओव्होनरामवेननंतर १९१४ मध्ये त्याचा मुलगा एवेका दुसरा गादीवर आला, त्याने वाडा परत बांधला आणि ओतकाऱ्यांना पुन्हा कामाला लावलं. त्यामुळे ओतारीभाऊ, धागा तुटता तुटता राहिला.

मी एका घरी बसलो असताना म्हातारा कारागीर मेणाची बारीक वळी मांडीवर वळत होता, आपण शेवया वळतो तशी. ती वळी मस्तकाच्या गळ्याभोवती गुंडाळली की झाली माळ. समोर भिंतीवर कॅलेंडर, त्यावर राणी इदियाचा मुखवटा. मूळ मुखवटा हस्तिदंताचा आणि तो ब्रिटिश म्युझियममध्ये. इदिया ही ओबा एसिगिएची आई, सोळाव्या शतकातली. १९७७ मध्ये लागोसला सगळ्या आफ्रिकेचा मोठा कलामहोत्सव झाला, फेस्टॅक, त्याचं बोधचिन्ह हाच मुखवटा होता. नायजेरियाने तो महोत्सवापुरता मागितला, लंडनने दिला नाही. शेवटी नक्कल करून घेतली. तिथल्या जुन्या माणसांपुढे हा विषय काढला की आजही चेहरे बदलतात.

एक शब्द सांगतो. एडो भाषेत आठवण ठेवणं यासाठी 'सा-ए-य-अमा' असं म्हणतात, त्याचा शब्दशः अर्थ पितळेत आकृती ओतणे. त्यांच्याकडे बखर लिहिलेली नव्हती, बखर खांबांवर ठोकलेली होती. तुमच्या बाबांनी खिळ्यांची भोकं बघितली ना, ती त्या बखरीची शिवण.

आता 'कुणाला' हा प्रश्न. मार्च २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुहारींनी जाता जाता फर्मान काढलं की परत येणाऱ्या बेनिनच्या वस्तूंचा मालक ओबा. त्याआधी जर्मनीने करार केला होता तो नायजेरिया सरकारशी. ऑगस्ट २०२२ मध्ये बर्लिनने ५१२ वस्तूंची मालकी नायजेरियाला दिली, काही वस्तू बर्लिनमध्येच उसन्या म्हणून राहिल्या. डिसेंबरात जर्मनीच्या परराष्ट्रमंत्री स्वतः २० वस्तू घेऊन अबुजाला आल्या. फर्मान निघाल्यावर युरोपात काही जण म्हणायला लागले की आम्ही देशाला दिलं, राजाच्या घरात जायला नव्हे. केंब्रिजच्या एका संग्रहालयाने ठरलेला परतीचा समारंभ पुढे ढकलला.

दुसरीकडे बेनिन सिटीत नवं मोठं संग्रहालय उभं राहिलं, मोवा, म्हणजे म्युझियम ऑफ वेस्ट आफ्रिकन आर्ट, परदेशी देणग्यांवर. ओबाच्या वाड्याला वाटतं की आपल्या नावाने पैसा गोळा झाला आणि आपल्यालाच बाजूला सारलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये उद्घाटनाआधी पाहुणे जमलेले असताना निदर्शक आत घुसले. याचं नाव बेनिन रॉयल म्युझियम हवं, ही त्यांची मागणी. उद्घाटन लांबलं.

पाटीपेन्सिल
थोडक्यात भाऊबंदकी.

रानवाट
पाटीपेन्सिल, तोच शब्द माझ्याही मनात आला. पण भाऊबंदकी आहे म्हणून चोरून नेलेला ऐवज चोराकडेच राहू द्यायचा, हे कुठल्या गावच्या पंचायतीत चालेल? वाटणी घरातल्यांनी करायची. कोर्टात जातील, भांडतील, दहा वर्षं बोलणार नाहीत. तो त्यांचा हक्क आहे.

लागोसकर, शिवणीचं वाक्य बाबांना वाचून दाखवलं. परत वाच म्हणाले.

सांजवेळ
कायद्याचं सांगते, कारण 'ब्रिटिश म्युझियम देत का नाही' हा प्रश्न येणारच. १९६३ चा ब्रिटिश म्युझियम कायदा विश्वस्तांना संग्रहातल्या वस्तू कायमच्या द्यायला जवळजवळ बंदी करतो. मोजके अपवाद आहेत, त्यातला एक म्हणजे दुबार प्रती. त्यांच्याकडे बेनिनच्या ९०० हून जास्त वस्तू आहेत. पण १९५० पासूनच्या वीसेक वर्षांत याच संग्रहालयाने तीसेक बेनिन फलक दुबार ठरवून विकले, देवाणघेवाणीत दिले. त्यातले काही खुद्द नायजेरियाने पैसे मोजून घेतले! ओतारीभाऊ म्हणतात तसं एका साच्यातून एकच वस्तू निघते. मग दुबार कशाला म्हणायचं?

ज्यांना हा कायदा आडवा येत नाही त्यांनी दिल्यात. केंब्रिजच्या जीझस कॉलेजने २०२१ मध्ये पितळी कोंबडा परत केला. एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी तो १९०५ मध्ये दिला होता, वर्षानुवर्षं जेवणाच्या हॉलमध्ये होता. विद्यार्थ्यांनीच तो प्रश्न लावून धरला. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयाने २०२२ मध्ये ७२ वस्तूंची मालकी सोडली, अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाने त्याच वर्षी २९ दिल्या, नेदरलँड्सने जून २०२५ मध्ये ११९.

काळा_मसाला
म्हणजे जिथे कायदा आडवा येतो तिथून मिळतं ते उसनं. आपली वाघनखंही तशीच ना?

सांजवेळ
हो. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडची वाघनखं जुलै २०२४ मध्ये साताऱ्यात आली ती तीन वर्षांच्या बोलीवर. त्याच वर्षी घानाच्या असांते राजाकडे सोन्याचांदीच्या ३२ वस्तू आल्या, बहुतेक लुटलेल्या असूनही उसन्याच. आणि रघुजी भोसल्यांची तलवार २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात राज्य सरकारने ४७.१५ लाख रुपये देऊन सोडवून आणली. बघायला मिळाली याचा मला आनंदच आहे, माझ्या भाच्याला घेऊन गेले होते. पण मालकाने आपली वस्तू भाड्याने किंवा विकत घ्यायची, याची सवय आपल्याला लागू नये.

पाटीपेन्सिल
वाघनखांची तुलना इथे ताणलेली वाटते. ती महाराजांचीच असल्याची खात्री देता येत नाही, हे ते संग्रहालयच म्हणतं. बेनिनच्या बाबतीत कुणी, कधी, कुठून नेलं यावर वादच नाही. आपलं दुःख त्यांच्या दुःखावर चिकटवू नये.

सांजवेळ
मान्य. उसनवारीपुरतंच बोलत होते.

उलटतपासणी
फिलिप्सच्या पत्राचं मला माहीत नव्हतं, तेवढा मुद्दा मागे घेतो. पण दोन प्रश्न उरतात.

पहिला सांभाळण्याचा. १९७३ मध्ये नायजेरियाचे तेव्हाचे लष्करी प्रमुख गोवॉन यांनी लागोसच्या संग्रहालयातलं एक बेनिन मस्तक काढून एलिझाबेथ राणीला भेट दिलं. नक्कल म्हणून खपलं, पुढे कळलं की अस्सल. ही घरच्यांचीच करणी. उद्या परत आलेल्या वस्तूंचं हेच होणार नाही कशावरून?

दुसरा जास्त अवघड आहे. हे पितळ आलं कुठून? पोर्तुगीज 'मनिला' नावाची उघड्या टोकांची पितळी कडी घेऊन यायचे, त्या बदल्यात मिरी, हस्तिदंत आणि गुलाम न्यायचे. २०२३ मध्ये जर्मन संशोधकांनी दाखवून दिलं की कड्यांचं पितळ ऱ्हाइनकाठचं, आणि बेनिनच्या वस्तूंचा धातू त्याच्याशी जुळतो. अमेरिकेत गुलामांच्या वंशजांची एक संघटना आहे, रिस्टिट्यूशन स्टडी ग्रुप. त्यांचं म्हणणं, आमची माणसं विकून आलेल्या धातूच्या या वस्तू, मग विकणाऱ्या राजाच्या घराण्याला का देता? स्मिथसोनियनविरुद्ध ही संघटना कोर्टातही गेली. रानवाटताई, या भाऊबंदकीत त्यांचा हिस्सा किती?

लागोसकर
दुसरा प्रश्न खरा आहे. मला त्याचं सोपं उत्तर सुचत नाही. तिथे असताना एका एडो मित्राशी यावर रात्रभर बोललो होतो. त्याचं म्हणणं असं की सगळी कडी गुलामांच्या बदल्यात आली नव्हती, बेनिनने बराच काळ पुरुष गुलाम विकायला मनाई केली होती, मिरी आणि कापडाचा व्यापार मोठा होता. पण गुलाम विकले हे त्यानेही नाकारलं नाही. माझं मत विचाराल तर वस्तूंचं घर बेनिन सिटी, आणि अमेरिकेतल्या त्या लोकांना तिथे घरचे म्हणून यायचा, बघायचा, प्रदर्शनात आपली गोष्ट सांगायचा हक्क. पाटीवर कड्यांचा इतिहास लिहिलेला हवा. ओबाच्या वाड्यालाही तो टाळता येऊ नये.

काळा_मसाला
सांभाळण्याबद्दल: २०२३ मध्ये ब्रिटिश म्युझियममधूनच दोनेक हजार वस्तू गायब झाल्याचं बाहेर आलं, संचालकांना जावं लागलं. कुलूप कुणाचंही तुटतं.

वसईची_पोर
हा धागा दोन दिवस वाचतेय, लिहू की नको असं चाललं होतं.

मी वसईची, ख्रिस्ती घरातली. सातवीत आमची सहल वाईला गेली होती. मेणवलीला नानांचा वाडा पाहिला आणि घाटावर उतरलो. तिथे देवळाशेजारी मोठी घंटा टांगलेली. बाईंनी सांगितलं, चिमाजी अप्पांनी १७३९ ला वसई जिंकली तेव्हाची. सगळी मुलं टाळ्या वाजवायला लागली, मीही वाजवल्या. मग जवळ जाऊन बघते तर घंटेवर मारियेची मूर्ती, कडेवर बाळ. घरी देवापुढे रोज बघत होते तीच. माझे हात थांबले.

अशा घंटा नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहेत, भीमाशंकरला आहेत. मला त्या परत नकोत. पोर्तुगिजांनी आमच्या पूर्वजांचं काय काय केलं तेही मला ठाऊक आहे. पण इथे सगळे 'चोराने परत द्यावं' असं बोलताय तेव्हा या घंटा कुणाला आठवतात का, एवढंच बघत होते.

पाटीपेन्सिल
ताई, तुमच्या भावनेचा आदर आहे, पण फरक आहे. पोर्तुगीज इथे बाहेरून आले होते. वसईची मोहीम धर्मछळाविरुद्धची होती, आणि घंटा विजयाची खूण म्हणून नेल्या, लिलावात विकल्या नाहीत.

उलटतपासणी
विजयाची खूण म्हणून, हे रॉसनचे अधिकारीही म्हणाले असतील. मी सुरुवातीला हेच विचारलं होतं, कुठवर जायचं.

ओतारी_घरचा
पाटीपेन्सिल, मोहीम न्याय्य होती हे मला शंभर टक्के मान्य. तरी घंटा चर्चची होती हेही खरं. दोन्ही लिहिलेली एक पाटी त्या घंटेशेजारी लागली तर अप्पांच्या पराक्रमात काय कमी होईल? घंटा ओतणं किती कठीण ते मला माहीत आहे. ज्याने ती मारियेची मूर्ती मेणात कोरली त्याचंही स्मरण व्हावं. वसईच्या ताई, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत.

मांडवीकाठ
गोंयचो म्हणून एक वेगळी गोष्ट जोडतो. पोर्तुगिजांसाठी बेनिनच्या कारागिरांनी सोळाव्या शतकात हस्तिदंताच्या मीठदाण्या कोरल्या. त्यांवर दाढीवाले, टोपीवाले पोर्तुगीज सरदार, गळ्यात क्रूस, आणि माथ्यावर चक्क जहाज. त्या लुटीच्या नाहीत, मागणीवरून करून दिलेल्या, दाम मोजून नेलेल्या. आमच्या गोव्यातल्या कारागिरांनीही त्याच जहाजवाल्यांसाठी हस्तिदंताचे क्रिस्त आणि बाल येशू कोरले. म्हणून युरोपातली प्रत्येक वस्तू चोरीची असं सरसकट म्हणू नये. कारागिराने स्वतःच्या खुशीने विकलं होतं, हाही त्याचा मानच. पण खांबावरचा फलक आणि वेदीवरचं मस्तक कुणी विकायला काढलं नव्हतं.

रानवाट
मांडवीकाठ, तुमच्या शेवटच्या वाक्यापाशी माझा मूळ प्रश्न जरा सुटला. मी सगळ्या वस्तूंना एकच मालक शोधत होते. वेदीवरचं मस्तक वेदीवर जावं, म्हणजे ओबाच्या वाड्यात, मग जगाला ते दिसो न दिसो. आमचा टाक बघायला कुणी तिकीट काढून यावं असं आम्हाला कधी वाटलं नाही. खांबावरचे फलक मात्र दरबारात येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बघावेत म्हणूनच होते, ते संग्रहालयात शोभतील, बेनिन सिटीतल्या. त्या संग्रहालयाचं नाव काय ते त्यांचं ते ठरवतील. लागोसकर, वाड्यात गेलेलं काही आहे का आत्तापर्यंत?

लागोसकर
आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंब्रिजचा तो कोंबडा आणि अॅबर्डीन विद्यापीठाने दिलेलं ओबाचं मस्तक, दोन्ही वाड्यात आजच्या ओबाकडे, एवुआरे दुसरा यांच्याकडे, पोचते केले. कोंबडा राजमातेच्या वेदीवरचा असतो. त्याहीआधी, २०१४ मध्ये, १८९७ च्या मोहिमेतल्या एका अधिकाऱ्याच्या नातवाने आजोबांनी आणलेली घंटा आणि पक्षी स्वतः बेनिन सिटीला नेऊन दिले. कुठला कायदा नाही, करार नाही. म्हातारा माणूस पिशवी घेऊन गेला.

रानवाट
बाबांचं परवा विमान आहे. काल म्हणाले, परत जाऊन येऊ. गेलो. या वेळी वही घेऊन. त्या फलकाचा नोंदणी क्रमांक उतरवून घेतला, त्यात १८९८ हा आकडा आहे. म्हणाले, "हा याच्या जन्माचा नाही, इथे आणल्याचा."

घरी आल्यावर त्यांना डिजिटल बेनिनचं संकेतस्थळ उघडून दिलं. वेगवेगळ्या देशांतल्या शंभराहून जास्त संस्थांकडच्या पाच हजारांवर वस्तू एकत्र लावल्यात तिथे, एडो भाषेतली नावंही, ध्वनिमुद्रित. बाबा रात्री साडेअकरापर्यंत कानाला हेडफोन लावून बसले होते. वेदीवरच्या मस्तकाचं नाव देवनागरीत लिहायचा प्रयत्न चाललाय, 'उहुन्म्वुन एलाओ' इथपर्यंत आलेत, पण ते बरोबर आहे की नाही याने बेचैन आहेत. लागोसकर, तपासून द्याल का?

लागोसकर
काकांना नमस्कार सांगा. माझं एडो बाजारहाटापुरतं, मी चूक सांगायला नको. रविवारी इगुन स्ट्रीटवरच्या त्या कारागिराच्या मुलाला फोन करणार आहे, त्याच्याकडून म्हणवून घेऊन आवाज पाठवतो. विमान परवाचं असेल तर काकांचा भारतातला नंबर व्यक्तिगत निरोपाने पाठवून ठेवा. ओतारीभाऊ, मातीत ते काय मिसळतात हे तुमच्यासाठी त्यालाच विचारू का?

ओतारी_घरचा
विचारा. आणि शेवटचा हात देताना माती किती पातळ ठेवतात, तेही.